पहिली फेरी गोळी न झाडता

प्रिय डॉक्टर,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मला रडू येतं आणि मग तू पेशंटची काढतोस तशी माझी समजूत काढत बसतोस. मला समजूत नको आहे. रविवारी तुझ्या घरची मंडळी लग्नाची तारीख ठरवायला येणार आहेत, आणि ती ठरू द्यावी की नाही, हेच मला कळेनासं झालंय. म्हणून कागद घेतला.

जुन्या व्हिडिओ गेमबद्दल खेळणाऱ्यांची मतं गोळा करणारी ती वेबसाइट आहे ना, तिथे आमच्या घरच्या त्या अंतराळयानाच्या खेळाखाली एक नवं मत आलंय. लिहिणाऱ्याचं नाव 'अक्कलदाढ'. दातांचा डॉक्टर सोडून असलं नाव दुसरं कोण घेईल? तरी रागाच्या भरात तुझ्यावर अन्याय नको म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझं कामच औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायचं. एक शब्द इकडचा तिकडे झालेला मला खपत नाही. तेव्हा तू लिहिलेल्यातलं खरं ते आधी मान्य करते. यान आपलं आपण पुढे जातं, रुळावरून गेल्यासारखं, आणि आपण फक्त नेम धरायचा, हे खरं. चित्रं ठोकळ्यांची आहेत, हेही खरं. आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो, हे तर बाबासुद्धा म्हणतात.

पण 'दर वेळी तेच ते' हे कुठून काढलंस? तू एक संध्याकाळ खेळलास, तिसऱ्या टप्प्यावर मेलास आणि चहा प्यायला उठलास. तिसऱ्या टप्प्यात समोरून पांढरी यानं येतात. त्यांच्यावर गोळी झाडली नाही, तर ती बाजूला होतात आणि त्यांच्या मागे दुसरी वाट उघडते. तिथून पुढचा अर्धा खेळ वेगळाच आहे. तू सगळी पांढरी यानं पाडलीस आणि वर जगाला सांगितलंस की वाट एकच आहे! न तपासता मी असं लेबल लावलं असतं, तर मला घरी बसवलं असतं.

एवढंच असतं, तर मी चिडून गप्प बसले असते. पण पुढे तू लिहिलंयस, 'भावी सासुरवाडीत हा गेम खेळायचा योग आला. सासरेबुवांचा नियम असा की पहिली फेरी एकही गोळी न झाडता, हात मांडीवर ठेवून, नुसती बघायची. गोळीबाराच्या गेममध्ये मौनव्रत! टीव्ही दुरुस्त करता करता म्हातारबांचाच एखादा पार्ट ढिला झाला असावा. एक तारा, तोही चहासाठी.' खाली लोकांची ही हसाहस. एकाने लिहिलं, 'पळ काढ भावा.' दुसऱ्याने विचारलं, 'मुलगीही तशीच का?' त्यावर तुझं उत्तर, 'थोडीशी.'

थोडीशी नाही, पूर्ण तशीच आहे. लहानपणी मी सारखी आजारी असायचे, शाळेत फार उशिरा गेले. तोवर बाबांच्या दुकानातलं टेबल हीच माझी शाळा. टीव्हीचं मागचं झाकण काढलं की ते माझे हात धरून ठेवायचे. आधी सगळं बघ, म्हणायचे, कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते ते मला सांग, मग हात घाल. संध्याकाळी तोच नियम या खेळाला. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच खेळतात. तू आलास त्या दिवशी बाबांनी तुला पहिली फेरी बघायला बसवलं, ती तुझी परीक्षा नव्हती रे. ते असं फक्त घरच्या माणसाला बसवतात.

आणि त्यांना कळणारच नाही असं तुला वाटलं असेल, तर तेही ऐक. या खेळाबद्दल आलेलं प्रत्येक मत बाबा वाचतात. मंगळवारी आई वाटाणे सोलत होती आणि ते नेहमीसारखे तिला मोठ्याने वाचून दाखवत होते. आई म्हणाली, "या लोकांना काही कामधंदे नाहीत का हो?" बाबा हसले आणि पुढचं मत सुरू केलं. ते तुझं होतं. 'हात मांडीवर ठेवून' इथपर्यंत आवाज नीट होता. मग थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढे काही विशेष नाही." आईला काही कळलं नाही. मी दारात उभी होते, मला कळलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीखालून तो खेळ गायब. खोक्यात घालून माळ्यावर टाकलेला, आणि त्या जागी फुलदाणी. मी विचारलं, तर म्हणाले, "रविवारी मंडळी येतायत, टेबल मोकळं बरं दिसतं." मी काही बोलणार, तोच हळूच म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस हं. लाजेल बिचारा." माझ्या बाबांनी, तुला लाज वाटू नये म्हणून, स्वतःच्या घरातली स्वतःची वस्तू लपवली! त्यांचं म्हणणं मी आजवर कधी मोडलं नाही. आज मोडतेय, त्यासाठीच हे पत्र. ते मत काढून टाक असं मी म्हणणार नाही, चोरून पुसून टाकणं तर सोपंच आहे. तू शनिवारी एकटा ये. 'अक्कलदाढ म्हणजे मीच', असं बाबांना तोंडावर सांग. मग स्टूल घेऊन माळ्यावरचं खोकं तुझ्या हाताने खाली काढ. नाही आलास, तर रविवारी कुणालाच पाठवू नकोस. माझ्या घरी काय सांगायचं ते मी बघेन. खाली 'तुझीच' लिहावं की नाही, ते कळेना. पण खोटं लिहायची सवय नाही, म्हणून जेवढं खरं आहे तेवढंच लिहिते.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
पूर्ण तशीच