दामूदादाची सही आणि ‘कशासाठी’चं झाड

वळ,
शनिवार, १९ ऑगस्ट २००६

तीर्थस्वरूप सौ. आक्का हिला धाकट्या मितेशचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे जेमतेम वाकून).

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचे गुडघे? पायांसाठी कुठकुठची माणसं एस.टी. बदलत तुमच्या अकलोलीच्या गरम कुंडात येऊन बसतात, आणि कुंडापासून पन्नास पावलांवर राहणारे भाऊजी बाम चोळतात, हे मला कधी समजलं नाही. फोनच केला असता, पण आपल्या घरचा फोन बाबांच्या खुर्चीला चिकटून आहे, आणि तुझ्या मोबाइलला रेंज येते ती तू विहिरीच्या कठड्यावर उभी राहिलीस तरच. म्हणून पत्र. बाबा ठणठणीत आहेत. मी इंजिनीअर झालो तेव्हा दारावर लावलेली पितळेची पाटी (‘मितेश काळूराम भोईर, बी. ई. कॉम्प्युटर’) ते अजून रोज सकाळी चिंच लावून घासतात. बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस, पोराचं नाव पितळेत बघून त्याला बरं वाटतं, तर घासू दे. फक्त जाता-येता ती माझ्या डोळ्यांवर चमकते.

आता माझी रडकथा. आमच्या ठाण्याच्या कंपनीचे साहेब मार्चमध्ये बंगलोरला तीन दिवसांचा कोर्स करून आले आणि तेव्हापासून आमचं सुख संपलं. कोर्सचा विषय होता ‘गोल मॉडेल’ (गोल म्हणजे वाटोळं नव्हे, इंग्रजीतलं उद्दिष्ट). म्हणजे असं, की गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं हे विचारायचं नाही. ते कशासाठी हवं, हे विचारायचं. जे उत्तर येईल त्यालाही पुन्हा ‘कशासाठी?’ असं वर चढत गेलं की कागदावर एक झाड तयार होतं, त्याच्या शेंड्यावर त्याचं खरं उद्दिष्ट बसलेलं सापडतं (म्हणे), आणि मग तिथून ‘कसं? कसं?’ करत खाली उतरायचं. प्रत्येक उद्दिष्टाला कागदावर एक चौकोनी खाना. जे मोजता येत नाही, समाधान, विश्वास, मान वगैरे, त्याला चौकोन नाही, ढग काढायचा. दोघांची उद्दिष्टं एकमेकांना आडवी गेली की मधे लाल रेघ. आणि शेवटी ज्याने त्याने आपापल्या खान्याखाली सही करायची. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय प्रोग्रॅमची एक ओळ लिहायची नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक साहेबांनी माझ्याच गळ्यात मारलं, कारण ते आपल्याच गावचं: केसरीनाथकाका. काकांच्या गोदामात कापडाच्या गाठी असतात, आणि कुठली गाठ कुठे ठेवली आहे हे कॉम्प्युटरने सांगावं एवढंच त्यांना हवं होतं. साहेब म्हणाले, जुलै संपायच्या आत सह्या आण, नाहीतर हे काम गेलं आणि कामामागोमाग तूही. मी वही काढून काकांसमोर बसलो. सॉफ्टवेअर कशासाठी? तर माल कुठे आहे ते कळायला. ते कशासाठी? माल वेळेवर बाहेर पडावा म्हणून. ते कशासाठी? पार्टी दुसऱ्याच्या गोदामात जाऊ नये म्हणून. ते कशासाठी? इथे काकांनी माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, “मितेश, बाला, तुझी तब्येत बरी हाय ना?” मग त्यांनी मला लिंबू सरबत पाजलं. पुढच्या खेपेपासून मी दुरून येताना दिसलो की त्यांना आठवणीने कुणाच्या तरी दहाव्याला जायचं असायचं. त्या दोन महिन्यांत वळमध्ये इतकी माणसं खरंच मेली असती तर गाव ओस पडलं असतं.

काकांपेक्षा भारी पडला तो दामूदादा. तुला आठवत असेल, गळ्यात चाव्यांचा जुडगा घातलेला, उंच. त्या गोदामाची पत्र्याची शेड उभी राहिली त्या दिवसापासून चाव्या त्याच्याकडे आहेत. कुठली गाठ कुठे हे त्याच्या डोक्यात; कागदावर काही नाही. मी लिहून टाकलं, दामूदादाचं उद्दिष्ट: मला विचारल्याशिवाय गोदाम चालू नये. त्याच्यात आणि काकांच्या कॉम्प्युटरमध्ये एक जाडजूड लाल रेघ मारली, आणि चार चार्टपेपर चिकटवून ते अख्खं झाड गोदामाच्या भिंतीवर लावलं. दामूदादा आला. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, “झकास काढलायस. पन दोन ढग ऱ्हायले बघ, त्या तिकडच्या कोपऱ्यातले.” आक्का, मला भरून आलं. साहेबांनासुद्धा कधी वाटलं नव्हतं की या माणसाच्या मनात आणखी दोन न मोजता येणारी उद्दिष्टं असतील! मी त्याच्या हातात पेन दिलं, त्याने माझ्या चारही ढगांवर दणदणीत सह्या केल्या, कोपऱ्यात आणखी दोन ढग स्वतः काढले, आणि मी खुशीत ठाण्याला गेलो.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर सहा हमाल घाम गाळत गाठी सरकवत होते. दामूदादाने माझं झाड म्हणजे गोदामाचा नकाशा धरला होता. चौकोन म्हणजे गाठींचे ढीग, आणि ढग म्हणजे पत्रा जिथे गळतो त्या जागा. ‘पार्टीचा विश्वास’ या ढगाखालच्या चाळीस गाठी त्याने हलवल्या होत्या, आणि ‘जुन्या माणसांचा मान’ याच्याखाली बादली ठेवली होती. (खरं सांगू का, त्याचे स्वतःचे दोन ढग अगदी बरोबर होते. तिथे खरंच गळत होतं.)

आधी वाटलं म्हातारा माझी फिरकी घेतोय. सातवी शिकलेला माणूस, रोज सकाळी पेपर तोंडासमोर धरून बसतो, आणि बोटाएवढ्या जाड अक्षरात लिहिलेलं वाचता येत नाही? मग मी जरा गप्प बसून बघितलं. पेपर तो उलगडतो, पान उलटत नाही. गाठीवरचा नंबर बघत नाही, बोटाने चाचपतो. माझ्या चार्टवरचे त्याला आकार दिसले, अक्षर एकही दिसलं नव्हतं.

काकांना मी कोपऱ्यात गाठलं, आणि या खेपेला ‘कशासाठी’ न विचारता नुसता बसून राहिलो. तेव्हा ते आपणहून बोलले. दामूला वर्षभर नीट दिसत नाही. चुकीची गाठ टेम्पोत चढते, आणि तो चहाला गेला की काका स्वतः उतरवून बरोबर गाठ चढवतात. “त्याला म्या कसा सांगू? कंप्युटरला सांगू दे.” सॉफ्टवेअर त्यासाठी हवं होतं! मग मी दामूदादाकडे गेलो. त्याला सगळं माहीत होतं: मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करायला हवं, आणि शेठ (म्हणजे काका) मागून गाठी बदलतात हेसुद्धा. पण ऑपरेशनला महिनाभर घरी बसावं लागणार. “मी न्हाय तर शेठ दिसभर कुनाशी भांडल? येकटा पडल तो.” म्हणजे बघ, मी ज्या दोघांमध्ये जाडजूड लाल रेघ मारून बसलो होतो, ते दोघं एकमेकांनाच सांभाळत होते. झाडाच्या शेंड्यावर दोघांचा एकच खाना निघाला, ‘दुसऱ्याला जपायचं’, आणि तिथून ‘कसं?’ विचारत खाली उतरल्यावर सापडलं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन. भिवंडीत झालं, दोन्ही डोळ्यांचं. पत्राही दुरुस्त झाला. सगळ्यांची सगळी उद्दिष्टं पूर्ण झाली, आणि सॉफ्टवेअरची कुणालाच गरज उरली नाही.

साहेबांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते आनंदले नाहीत.

तर असं आहे. भाच्यांना माझे पापे दे, भाऊजींना कुंडात ढकल, आणि काळजी करू नकोस. मी थकलोय खरा, पण जेवतो-खातो.

तुझा,
मितेश

ता. क. गणपतीला येशील तेव्हा कुळीथ आण. इथला बरा नसतो.

ता. क. २. पत्र खरं यासाठी लिहिलं, की जुलैच्या एकतीस तारखेपासून मला नोकरी नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, बाबांच्या देखत ठाण्याच्या एस.टी.त चढतो, पुढच्या थांब्यावर उतरतो आणि मागल्या बांधाने गोदामात येतो. दामूदादाच्या चाव्या माझ्या गळ्यात आहेत. तो बरा होऊन आला, पण म्हणतो, आता तूच ठेव, मी शेठशी भांडायला येऊन बसत जाईन. काकाही हो म्हणतात, आणि मलाही आवडतंय. इथे टेम्पोवाला विचारतो गाठ कुठे आहे, मी दाखवतो, तो घेऊन जातो. त्याच्या वर आणखी ‘कशासाठी’ नसतं. परवा दामूदादाने नव्या डोळ्यांनी अख्खं झाड वाचून काढलं आणि म्हणाला, “यात तुझा खाना कुठं हाय रं? तुला काय पायजे?” नोकरीची चार वर्षं मी लोकांना ‘काय पाहिजे’ विचारत फिरलो, मला कुणी विचारलं नव्हतं. तर आक्का, हे बाबांना तू सांग. तुझं ते ऐकतात. ते कशासाठी म्हणून विचारतील, त्याची सात उत्तरं मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत.

ता. क. ३. वेगळा कागद फाडून टाकलाय, पाकिटात शोधू नकोस. आज घाईत डबा घरी विसरलो. दुपारी मान वर केली तर गोदामाच्या दारात बाबा, हातात डबा. कंडक्टर त्यांचा लूमवरचा जुना जोडीदार निघाला. पहिल्याच दिवशी बाबांना सांगून मोकळा झाला होता. म्हणजे तीन आठवडे बाबा माझा शर्ट इस्त्रीला टाकत होते ते मी कुठे जातो हे माहीत असून. माझी सातही उत्तरं ओठांवर आली होती. बाबांनी एकदासुद्धा कशासाठी विचारलं नाही. डबा ठेवला, दामूदादाशेजारी गाठीवर बसून अर्धा चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, “सांचा लवकर ये. मखर बांधायचाय. यष्टीनं नको, चालत ये.” घरी आलो तर पाटी चकचकीत, जागच्या जागी.

तेव्हा बाबांना सांगायचं काही उरलं नाही. तू मात्र ये. मला कुणाच्या तरी शेजारी बसून हे पहिल्यापासून सांगायचं आहे.