दारात अडकलेलं विद्यापीठ

शिराझ, इराण. नवरोजच्या साफसफाईचे दिवस

ती. दाजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा दंडवत. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? अक्काचं पित्त काय म्हणतं? मी धडधाकट आहे. निवाऱ्याचं तेवढं जरा बिनसलंय, ते सविस्तर लिहितो.

आमची इमारत आपण फोटोत पाहिली आहेच. खाली संस्कृतचा वर्ग, वर परदेशी शिक्षकांच्या खोल्या (म्हणजे एक माझी, बाकीच्या कबुतरांच्या). वर्गाची खिडकी उघडत नाही आणि शेगडी विझत नाही, त्यामुळे हिवाळ्यात विद्यार्थी मन लावून झोपतात. वर्गाला आणि बिऱ्हाडाला मिळून दार एकच. यंदा अग्निशमन खात्याने कळवलं, आगीची रंगीत तालीम होईल. इमारत झटपट रिकामी झाली नाही तर सील. म्हणजे मी रस्त्यावर.

धूर सोडला, भोंगा वाजला. (धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे मी वर्षानुवर्षं शिकवतो, अनुमान झाल्यावर पळावं, असं न्यायशास्त्रात कुठेच नाही.) आम्ही सगळे दारापर्यंत धावत पोचलो आणि तिथे थांबलो. कारण विभागप्रमुख बेहरूझी म्हणाले, "उस्ताद, आधी तुम्ही." मी म्हटलं, "तुमच्या पुढे? मेलो तरी नाही." "मरायचंच तर मी आधी मरतो, तुम्ही व्हा बाहेर!" तेवढ्यात ग्रंथपाल पूरानदोख्त खानम आल्या. बाईमाणसाने आधी जावं यावर आम्हा दोघांचं एकमत झालं, पण त्या म्हणाल्या, "अहो, पांढऱ्या केसांना पाठ दाखवून जाऊ? मला काय आईबापांनी वळण लावलं नाही?" मागे विद्यार्थी खोकत उभे. गुरुजनांच्या पुढे जायची त्यांची काय बिशाद!

शेवटी अधिकारी जहानबख्श ओरडत आला, "अहो, जळताय तुम्ही! निघा!" आम्ही एकमुखाने म्हणालो, "आपण पाहुणे. आधी आपण आत या." त्या भल्या माणसाने टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि तोही उंबऱ्यावर अडकला.

इमारत सील झाली. अहवालात आमच्याविषयी एक वाईट शब्द नाही. दार अरुंद आहे, एवढंच म्हटलंय. (त्यातून उंट जाईल.)

मग बेहरूझी म्हणाले, माझं घर ते तुमचंच. खानम म्हणाल्या, तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर. इथे पहिल्या आग्रहाला नाही म्हणायचं, दुसऱ्यालाही. खरा असेल तर तिसरा होतो. माझा नकार, दाजी, इतका अलंकारिक उतरला की बेहरूझींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिसरा आग्रह राहूनच गेला. खानमनी तर तो नकार मला पुन्हा म्हणायला लावला.

सध्या मुक्काम अग्निशमन केंद्रात. जहानबख्शने आमंत्रण दिलं नाही, सरळ माझं गाठोडं उचललं. भोंगा वाजला की सगळे मला तुडवून धावतात. फार बरं वाटतं. पण नवरोजनंतर माझी खाट नव्या भरतीला लागणार आहे.

आपला,
दिगंबर

ता.क. गेल्या पत्राच्या शेवटी आपण "घर तुमचंच आहे, केव्हाही या" असं लिहिलं होतंत. ते मनापासून, की कागद उरला होता म्हणून, तेवढं कळवावं.

आणखी ता.क. टपालाने कळवू नका. हे पत्र मीच आपल्या हातात दिलंय आणि समोर उभा आहे. बॅग जड आहे. एकदाच "या" म्हणा. मी लगेच हो म्हणतो.