कोण पाहिजे तुम्हाला?

३ मार्च, सोमवार

आज परत हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं!

पार्लरमध्ये वकिलीणबाई बेसिनवर मान टाकून पडल्या होत्या, डोक्यावर फेस, माझी बोटं त्यांच्या केसांत. त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं द्यायची आहे, त्याची गोष्ट चालली होती. "इतकं गोड जोडपं गं! दोघं कमावती. सगळं ठरलं, किल्ली द्यायची तेवढी बाकी. मग नाव विचारलं. यहूदी! म्हटलं, बाबांनो, खोली मोठी आहे, पण तुमची नाकं काही मावायची नाहीत."

लालीच्या हातातली कात्री खाली पडली इतकी ती हसली. (लाली म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करते ती. ओठांना लाली लावल्याशिवाय कुणी तिला पाहिलेलं नाही.) मॅडम काउंटरवरून हसल्या. मीही. जरा जास्तच लांबवलं हसणं, म्हणजे कुणाला शंका नको.

मग पाणी सोडलं. जरा गरम सोडलं. "आई गं!" म्हणाल्या. तेवढंच माझं शौर्य.

४ मार्च, मंगळवार

रात्री आरशासमोर बसून नाक बघितलं. समोरून, बाजूनं. काय आहे त्यात? नाकासारखं नाक आहे.

७ मार्च, शुक्रवार

शब्बाथ, उद्या संध्याकाळपर्यंत काम करायचं नसतं. ऊन उतरायच्या आत आईनं आधी पडदे ओढले, मग मेणबत्त्या लावल्या. कायम याच क्रमानं. लहानपणी मला वाटायचं, पडदे ओढणं हाही प्रार्थनेचाच भाग आहे.

धाकटा भाऊ उशिरा आला. डोक्यावर आमची ती प्रार्थनेची छोटी गोल टोपी, मागच्या बाजूला पिनेनं बसवलेली. बाबांना वाटलं दारात आल्यावर घातली असेल. नाही! कॉलेजातून येताना आख्ख्या रस्त्यानं घालून आला. बसमध्येसुद्धा.

बाबा कामाचे हात धूत होते. लिफ्ट दुरुस्त करतात, नखांतलं ग्रीस कधीच जात नाही. हात धुता धुताच म्हणाले, "घरात घाल की. कोण नको म्हणतंय?"

"घरात सगळ्यांना माहीतच आहे, बाबा."

"आयुष्य गेलं माझं लोकांच्या इमारतींतून वरखाली करण्यात. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. काय बिघडलं माझं?"

धाकटा गप्प बसला असता तर तो धाकटा कसला! "तुमचं काय बिघडलं ते तुम्हालाच कळत नाही, हेच बिघडलंय."

आई म्हणाली, "मेणबत्त्यांसमोर भांडू नका." मग आम्ही मेणबत्त्यांसमोर न बोलता जेवलो. ते भांडणापेक्षा वाईट.

नंतर तो माझ्या खोलीत आला, पलंगावर आडवा पडला, आणि मी मूर्ख! मी त्याला वकिलीणबाईंची गोष्ट सांगितली. वाटलं, चिडेल, चार शिव्या देईल, दोघांचं मन हलकं होईल. तो उठून बसला.

"आणि तू काय केलंस, ताई?"

"काय करणार? केस धुतले."

"हसलीस?"

मी उशी नीट करायला लागले.

"हसलीस!" एवढंच म्हणाला आणि गेला. मी मागून ओरडले, "टोपी घातली म्हणून आत डोकं येत नाही!" आईनं पलीकडून भिंतीवर टकटक केलं.

९ मार्च, रविवार

आई मागेच लागली म्हणून प्रार्थनाघरात गेले. तरुण मंडळींची बैठक. मागची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा कुरकुरणारा. रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुणच आहेत, दाढी अजून धड भरलेली नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्यासाठी यहूदी असणं म्हणजे काय? पुस्तकातलं नको. स्वतःचं सांगा."

नर्सिंग शिकणारी मुलगी म्हणाली, "आठवड्यातून एकदा आई बसलेली दिसते, ते." एक चष्मेवाला म्हणाला, "भीती. पण आपल्या घरची भीती, ओळखीची." एका मुलानं सांगितलं की त्याला देवाबिवाशी काही घेणंदेणं नाही, पण कुणी वाईट बोललं की तो शंभर टक्के यहूदी होतो. सगळे हसले. हे हसणं बरं होतं, कुणाकडे बघून करायचं नव्हतं.

धाकटा म्हणाला, "मला कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागणार नाही, इतकं जगता आलं पाहिजे. बास."

माझी पाळी. मी म्हटलं, "कामावर न सांगायची गोष्ट." गंमत म्हणून म्हटलं. कुणी हसलं नाही. रब्बींनी नुसती मान हलवली. त्यांनी हेच उत्तर याआधी पुष्कळदा ऐकलं असावं. धाकट्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

खरं तर मला अजून देवाचंच काही ठरवता आलेलं नाही. तो आहे का, मला तो हवाय का, शनिवारी काम केलं तर तो खरंच मोजतो का. हे सगळं बसून विचार करण्यासारखं आहे. पण तिथवर कुणी पोहोचूच देत नाही. लोक नाकापाशीच थांबतात.

१३ मार्च, गुरुवार

लालीनं आज नवा विनोद आणला. लिहिणार नाही. हसले.

१५ मार्च, शनिवार

सकाळी धाकटा प्रार्थनेला निघाला, मी कामाला. जिना एकच, उतरलो बरोबर. खाली आल्यावर तो उजवीकडे, मी डावीकडे. तो म्हणाला, "ताई, एक दिवस ये. काही होत नाही." मी म्हटलं, "शनिवारी गर्दी असते." तो म्हणाला, "तिकडे नसते." हसून म्हणाला हो, रागानं नाही. आमचं भांडण मिटलं असं मी धरून चाललेय.

१९ मार्च, बुधवार

लिहूनच टाकते. नाहीतर उद्या मी हे वेगळं आठवीन.

दुपार होती. पार्लर भरलेलं. वकिलीणबाईंच्या डोक्यावर रंग लावून कागद गुंडाळलेले. लाली कुणाच्या तरी भुवया कोरत होती. मी एका नव्या बाईंचे केस वाळवत होते, लांब केस, ड्रायर चालू. बाहेर रस्त्यावर आरडाओरडा. या रस्त्यावर आरडाओरडा असतोच, कुणी मान वळवली नाही.

दार ढकलून धाकटा आत आला.

टोपी नव्हती. पिनेला थोडे केस लोंबत होते, उपटलेले. शर्टाची कॉलर फाटलेली, ओठ फुटलेला. काचेपलीकडे तीन पोरं. त्याच्याच वयाची. एकाच्या बोटावर टोपी गरगर फिरत होती.

"ताई—"

ड्रायर चालू होता. ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. आलं होतं.

मी म्हटलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"

तुम्हाला! ज्याचं नाक मी पुसलंय, ज्याला सायकल शिकवताना मी गुडघे फोडून घेतले, त्याला तुम्हाला. आवाजही वेगळाच निघाला. पत्ता विचारायला आलेल्या माणसाशी बोलतो तसा, स्वच्छ.

त्यानं माझ्याकडे बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. चुकीच्या घराचं दार वाजवल्यावर माणूस पाटी वाचतो, तसं त्यानं माझं तोंड वाचलं. मग बाहीनं ओठ पुसला. फरशीवर थेंब पडू नये म्हणून पुसला, मी बघितलं. फरशी मी पुसते हे त्याला माहीत आहे.

"माफ करा," तो म्हणाला. "दुसरं दुकान समजलो."

आणि गेला. दार हळू लावून घेतलं.

लाली म्हणाली, "कोण होता गं?"

"काय माहीत."

वकिलीणबाई म्हणाल्या, "आजकाल कुणीही शिरतं." ज्यांचे केस वाळवत होते त्या बाई ओरडल्या, "अहो, भाजतंय!" मी ड्रायर हलवला. संध्याकाळपर्यंत काम केलं. संध्याकाळपर्यंत! बाबांचा फोन आला तेव्हा मी कंगवे धूत होते.

२० मार्च, गुरुवार

हॉस्पिटल. दोन बरगड्या, आणि डावा कान. डॉक्टर म्हणाले, कानावर लाथ बसली आहे, पडदा तर फाटलाच आहे, आतलंही बरंच गेलंय. ऐकू येण्याचं काही सांगता येत नाही. म्हणजे येणार नाही.

हवालदार आला होता. वाईट माणूस नव्हता, टोपी काढून बसला. बाबांना म्हणाला, "पोरं सापडतील हो. पण मला सांगा, हे असलं डोक्यावर घालून फिरायची गरज काय?" बाबांनी खाली मान घातली. दोन आठवड्यांपूर्वी तेही हेच म्हणत होते. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले.

हवालदारानं विचारलं, "पळत कुठे गेलास? कुणाच्या दुकानात शिरला नाहीस? तिथं तुझी बहीणच काम करते म्हणे."

धाकटा म्हणाला, "तिथवर पोहोचलोच नाही."

आई माझ्या दंडाला धरून रडली. "बघ, तुझ्याकडेच येत होता गं! आणखी चार पावलं टाकली असती तर वाचला असता."

२५ मार्च, मंगळवार

घरी आणलं. उशा मी लावल्या. पाणी दिलं. तो म्हणाला, "ठेवा तिथे."

मला वाटलं आईला म्हणाला. पण आईला तो अगं-तुगं करतो.

२६ मार्च, बुधवार

"तुम्ही जेवून घ्या."

"दिवा मालवता का जरा?"

"तुम्हाला उशीर होईल कामाला."

एकेक शब्द मऊ. कुठेही टोचत नाही, कुणाला कळत नाही. आईला वाटतं भावाबहिणीची काहीतरी थट्टा चालली आहे. "बघा, बरा होतोय, ताईला चिडवायला लागला," असं बाबांना सांगत होती. बाबासुद्धा हसले, या आठवड्यात पहिल्यांदा.

२८ मार्च, शुक्रवार

आईनं मेणबत्त्या लावल्या. पडदे आता दुपारपासूनच ओढलेले असतात.

जेवताना धाकट्यानं खुर्ची बदलली. आता मी त्याच्या डाव्या बाजूला येते. मी मीठ मागितलं. त्याला ऐकू आलं नाही. खरंच आलं नसेल. कसं विचारायचं?

३१ मार्च, सोमवार

पोरं सुटली. अल्पवयीन, चांगल्या घरची, परीक्षा तोंडावर. एकाच्या वडलांनी बाबांना निरोप धाडला की झालं गेलं विसरून जाऊ. कुणी विसरायचं?

धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, "ती तिघं अनोळखी होती. त्यांचं काही नाही." माझ्यासमोर म्हणाला. माझ्याकडे न बघता.

२ एप्रिल, बुधवार

आईला सांगितलं. ती गाद्यांना चादरी घालत होती, मी दुसरं टोक धरलं होतं. चादर घालून होईपर्यंत सगळं सांगून झालं. वाटलं होतं थोबाडीत मारेल. गाल तयार ठेवला होता.

तिनं चादरीचं टोक खोचलं. वरून हात फिरवला. म्हणाली, "बरोबर केलंस."

"आई!"

"दोघंही मार खाल्ला असतात. नोकरीही गेली असती. एकाचाच कान गेला." मग उशीला अभ्रा घातला, झटकला. "मी तुम्हाला हेच तर शिकवलं. त्यानं ऐकलं नाही, तू ऐकलंस."

गेल्या दोन आठवड्यांत मला कुणी इतकं मारलं नव्हतं.

४ एप्रिल, शुक्रवार

ठरलं. उद्या पार्लरमध्ये सांगणार. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, वकिलीणबाई असल्या तर त्यांच्याही समोर. मग काढू देत कामावरून.

आज धाकट्याच्या दाराशी जाऊन तसं म्हटलं. तो पुस्तक वाचत होता. चांगला कान माझ्याकडे होता, म्हणजे ऐकलं. पान उलटलं. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाला.

५ एप्रिल, शनिवार

सांगितलं. गिऱ्हाइकं यायच्या आधीच सांगावं लागलं, दम निघेना. मॅडम वाटीत रंग कालवत होत्या. म्हटलं, "मॅडम, मी यहूदी आहे. त्या दिवशी आत आला होता तो माझा सख्खा भाऊ."

त्यांचा ब्रश थांबला नाही. "माहीत आहे गं. कामावर ठेवताना चौकशी केली नसेल का मी? लालीला माहीत आहे, वकिलीणबाईंना माहीत आहे. त्यांचा तर खेळच होता, बघू कधीपर्यंत हसते. मी म्हणायचे, बोलेल एक दिवस."

मग त्यांनी वाटी खाली ठेवली.

"त्याला मी दारातच ओळखलं. तुझंच तोंड. दाराला कडी घालायला उठलेही होते, मागच्या बोळातून घालवून दिला असता. तेवढ्यात तू त्याला विचारलंस, कोण पाहिजे तुम्हाला. म्हटलं, हिचाच नाही, तर माझा कोण? परत खाली बसले."