पहाटेचं पहिलं पाणी

रामघाट, काशी
१९ मे २०२५

तीर्थस्वरूप अंबिकाताईस,

धाकट्या नीलकंठाचा वाकून नमस्कार. एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितोस, म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि आज तुझ्यासमोर उभं राहवत नाही.

आमच्याकडे सगळे ठीक. लू, म्हणजे उन्हाच्या झळा, फार आहे. लंगडा आंबा अजून आंबटच. पाणीपुरवठा खात्यात मात्र माझा सत्कार झाला. पाणीबचतीचा आराखडा माझा ना! रात्री दहा ते पहाटे चार पाणी बंद ठेवलं, कागदावर गळती निम्मी झाली, आणि सरकारी निधीचा पुढचा हप्ता मंजूर झाला. त्यातून तुमच्या गल्लीतली सडकी पाइपलाइन बदलायची आहे. पावसाळ्यानंतर.

बघ, अजून इकडचं तिकडचंच लिहितोय.

ताई, कुणी नळाला हात लावायच्या आत तू सोवळ्याने पहिलं पाणी भरतेस. देवाला तेच, आणि तीर्थ म्हणून सूनबाईला, सुमेधालाही तेच. उकळून घे म्हणालो, तर "उकळलेलं पाणी देवाला? शहाणाच आहेस!" म्हणून हसलीस. मीही हसलो. गाढव मी.

पाणी बंद असलं की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटारातलं आत ओढतो. ते सगळं पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येतं.

हे मला ठाऊक होतं. अक्षय्यतृतीयेला जेवायला आलो, तेव्हा तुझ्या कळशीतलं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. तपासणीत मैल्याचे जंतू निघाले. अहवाल वर पाठवला असता तर हप्ता अडला असता. मी तो दडपला.

आज सकाळी तुझा विश्वेश सहज म्हणाला, "मामा, सुमेधाला उलट्या होतायत, डोळेही पिवळे दिसतात. आई म्हणते, सातव्या महिन्यात होतं असं, गर्मी आहे."

ही गर्मी नव्हे, ताई. मी डॉक्टरांना विचारून आलोय. गरोदरपणात अशी कावीळ जीव घेते, आईचा आणि बाळाचाही.

विश्वेश पाठशाळेत आहे, त्याचा फोन बंद. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून घाटाशी मोटरबोट लावून बसलोय. नावाडी ही चिठ्ठी आणून देईल. तिला घेऊन तशीच खाली ये, आवरत बसू नकोस. माझं तोंड पाहायचं नसेल तर मी बोटीतून उतरतो. पण तिला आत्ता इस्पितळात ने.

तुझा भाऊ, आणि तुझ्या गल्लीच्या पाण्याचा इंजिनिअर,
नीलकंठ