नकाशात नसलेला पाइप

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेजारची मास्तरीण वाचून दाखवते म्हणाली. मी म्हटलं, नातीचं पत्र आहे, अडखळत का होईना, मीच वाचणार. वीजघर बंद कसं करायचं, पुढे त्या जागेचं काय करायचं, सगळा आराखडा तुझ्याकडे! कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, आजी, नवऱ्याने एकतीस वर्षं जो बॉयलर चालवला तो नात विझवणार, वाईट नाही वाटत? मी म्हटलं, चालवायला घाम लागतो, नीट बंद करायला अक्कल लागते, आणि दोन्ही आमच्याच घरात.

आपल्या वीजघराच्या वसाहतीत लोक काय म्हणतात विचारलंस. म्हणतात, साहेबलोक कुलूप लावतील आणि आम्हाला विसरतील. तुझ्या आजोबांचे जोडीदार, ते म्हातारे फोरमन, तुझ्या आराखड्याला सभेत हात वर करणार नाहीत म्हणे. बाकी, दोन नंबरचा बॉयलर दुरुस्तीला थांबलाय, म्हणजे नेहमीसारखे आमचे नळ कोरडे. डॉक्टर म्हणतो वाकू नका. मग बादली काय आपल्या पायांनी चालत येणार?

जेवत जा वेळेवर.
तुझी आजी

७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

तुझ्या बादलीने माझी झोप उडवली. आमच्या नकाशात वसाहतीचं पाणी गावाच्या टाकीतून येतं. मग बॉयलर थांबला की नळ का आटतात? वीस तारखेला सभा आहे, आराखडा छापायला गेलाय. बंद करायच्या दिवशीच तीनशे घरं कोरडी पडली तर मी कुठल्या तोंडाने समोर येऊ? आजोबा कधी काही बोलले होते का? लगेच लिही.

तुझी, भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बोलले होते का काय विचारतेस, मी तिथे चहाची किटली घेऊन उभी होते! तुझ्या बापाला दात येत होते तेव्हा, रात्रभर रडायचा, असो. टाकीचं पाणी आमच्यापर्यंत चढेना. साहेबांना सांगून तोंड दुखलं. मग एका रविवारी आजोबा, फोरमन आणि आणखी चौघांनी दोन नंबरच्या बॉयलरच्या पंपापासून पाइप ओढून आमच्या लाइनला जोडला. परवानगी नव्हती, म्हणून कागदावर आलाच नाही. सायकलशेडमागे फरशीखाली झडप आहे.

फोरमनना विचारलं, एवढ्या वर्षांत सांगितलं का नाही? तर म्हणे, नोकरी जाईल म्हणून सहाजणांनी शपथ घेतली होती. पेन्शन खायला लागून वीस वर्षं झाली, तरी शपथ चालूच! मी चांगलंच झापलं.

आणि ऐक, छापलेलं फाडावं लागलं तर फाड. चूक झाली तर तूच आधी सांग.
तुझी आजी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस लाख आशीर्वाद.

सभा संपताच तू गाडीत बसून गेलीस, पुढचं तुला कुठे ठाऊक. पण सभेत उभी राहिलीस आणि पहिलंच वाक्य, माझा नकाशा चुकला होता. मग म्हणालीस, वसाहतीला स्वतःची पाण्याची लाइन मिळून महिनाभर नीट चालेपर्यंत दोन नंबरचा बॉयलर विझणार नाही, हे लेखी आहे. पहिला हात कुणाचा वर गेला पाहिलंस ना? फोरमनचा! मागून मास्तरीण मला हळू म्हणाली, आजी, तुमचे दोन्ही हात वर आहेत, एकच मोजतात.

सभेनंतर फोरमन घरी आले. म्हणाले, तो पाइप आम्ही चोरून जोडला, तो काढायच्या दिवशी झडप मला माझ्या हाताने, सगळ्यांसमोर बंद करायची आहे, नातीला सांगा. मी म्हटलं, असं नाही चालत, आता तिथे माझी नात साहेब आहे, रीतसर अर्ज करा. तर खरंच चष्मा लावून आमच्याच टेबलाशी लिहायला बसलेत. चौथा कागद चाललाय. मायना काय घालू विचारतात. मी सांगितलं, माननीय लिहा.

माया आहेच, पत्रं मात्र थांबवू नकोस.
तुझी आजी