हाकेला ओ नाही

७ मार्च

आज पुन्हा! मुलाचा फोन वाजत होता आणि सूनबाई नुसत्या बघत बसल्या. उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला, मग अंगठ्याने काहीतरी लिहून पाठवलं. मी विचारलं, "बोलली का नाहीस?" तर हसली. हसण्यासारखं काय विचारलं मी?

मुलगा ट्रकवर, आठवडा-आठवडा बाहेर. नवऱ्याशी बोलायला नको — मेसेज मात्र सारखे चालू. कुणाला?

९ मार्च

मुलाचा मला फोन. "आई, ती बोलतच नाही गं. भांडलात का?" म्हणजे खापर माझ्यावर! हिनेच त्याचे कान भरले असणार.

१० मार्च

हाक मारली तर ओ नाही. बाटल्यांच्या कारखान्यात लागल्यापासून रुबाब वाढलाय.

तिच्या पिशवीत कापसाचे मळके बोळे सापडले. (हो, पिशवी बघितली. घर माझं आहे.) कापूस कशाला लागतो हिला?

१४ मार्च

सून कांदा चिरत होती, पाठ पाळण्याकडे. नात किंचाळून रडायला लागली — ही आपली शांत! चांगली फैलावर घ्यायला म्हणून आत गेले आणि थबकले. हातातलं ताट मुद्दाम तिच्या मागे आपटलं. शेजारीण खिडकीत आली. ही हलली नाही.

समोर जाऊन बसले. विचारलं. रडली नाही, सुटल्यासारखी बोलली. "आई, दिवसभर काचेवर काच आपटते. कायमच्या कामगारांना कानांवर लावायला झाकणं मिळतात, दरवर्षी तपासणी होते. आम्ही ठेकेदाराकडच्या. आम्ही कापूस कोंबतो. कुरकुर केली की दुसरी उभीच असते दाराशी."

"नवऱ्याला तरी सांगायचंस!"

"बहिरी पदरात पडली म्हणाला असता तुम्ही दोघं."

म्हणालो असतो.

१८ मार्च

सरकारी दवाखाना. कानांचे डॉक्टर फक्त मंगळवारी — म्हणजे पगार कापूनच बहिरं असल्याचं कळायचं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही. यंत्राने थोडं भागेल. त्या आवाजात राहिली तर उरलंसुरलंही जाईल.

१९ मार्च

ठेकेदार घरी! चहा घेतला, नातीला खेळवलं. एवढा गोड का? आणि दवाखान्यातलं याला सांगितलं कुणी?

मग पोटातलं ओठावर आलं. "मावशी, कारखान्याचे साहेब विचारतील. एवढंच सांगा, लग्नाआधीपासूनच कमी ऐकायची. तिची जागा तुमच्या धाकट्या मुलीला देतो."

धाकटी दारातच उभी होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हिला बघायला गेले तेव्हा मी बहिणीच्या कानात कुजबुजले होते — रंगाने जरा उजवी हवी होती. तेसुद्धा ऐकलं होतं हिने! सांगू साहेबांना? उठा आता."

चहा अर्धा टाकून गेला.

२१ मार्च

तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका आल्या. मी ठेकेदाराला हाकललं ते कळलं म्हणे. खोली भरली. मी म्हटलं, "बसा गं." कुणी बसेना. पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

मग सुनेने हाताने खूण केली. सगळ्या बसल्या.