बारा मिलिमीटरची पुली

अंबरनाथ (पूर्व),
मंगळवार, दुपार.

तीर्थरूप शंकररावदाजी यांस,

महिपतीचा साष्टांग नमस्कार. (कंबरेचा पट्टा अजून सुटलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तो मानेपासून वरच घातला आहे, उरलेला कागदावर समजून घ्यावा.) आपली तब्येत, ताईचे गुडघे आणि गॅलरीतली मिरची, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे भावना बरी आहे आणि मी आहे. अंबरनाथहून बदलापूरला, एका स्टेशनावर, पोस्टाने पत्र धाडणारा मी बहुधा शेवटचा माणूस असेन. पण फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता, मग ताई स्वयंपाकघरातून उत्तरं देते, समोरच्या श्रद्धावहिनी दारातून सल्ला देतात आणि विषय कुठलाही असो, तो माझ्या रक्तातल्या साखरेवर येऊन थांबतो. या वेळचा विषय साखरेचा नाही. चष्मा लावून सावकाश वाचा.

गेल्या महिन्यात तुम्ही येऊन माझ्या रेकॉर्ड प्लेअरची पुली काढून नेलीत. त्या पुलीने काय काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून मुळापासून सांगतो. निवृत्त झालो त्या वर्षी भावनाने मला मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग आणायला उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये पाठवलं. रिंग मिळाली नाही. (ती अजून मिळालेली नाही, आणि हा विषय घरात निघतो.) रिंगेऐवजी भंगारवाल्याकडे जुन्या रेकॉर्डची एक पेटी दिसली. नाट्यसंगीत असेल म्हणून उचलून आणली, तर निघाला जॅझ! त्यातल्या सहा तबकड्या चक्क मुंबईत भरलेल्या, फोर्टातल्या कुठल्याशा हॉटेलच्या बँडच्या, ट्रम्पेटवर कोणी मार्सेलिनो म्हणून गोवेकर. एक जुना प्लेअर मिळवला, तो चालेना, म्हणून त्याच बाजारातल्या धर्मेशभाईकडे टाकला. त्याने मोटरवर नवी पुली बसवली आणि मशीन सुरू झालं. मार्सेलिनोचा पहिला सूर ऐकून भावना आतून बाहेर आली आणि म्हणाली, "याला कुणी जेवायला घातलं नव्हतं का?"

पण दाजी, मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, फार आवडलं. एकोणतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजून मीही असाच दमून गेलो होतो. हा माणूस प्रत्येक सूर असा ठेवायचा, जशी जिना चढून आलेल्या म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवावी. इंटरनेटवर इतरांचा जॅझ ऐकला तर तो मला घाईत वाटायचा. ते मी परदेशी लोकांच्या स्वभावावर घातलं.

मग मी इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये शिरलो. जगभरातले चार हजार लोक, सगळे जुन्या जॅझ रेकॉर्डचे वेडे, बहुतेकांचे गुडघे माझ्यासारखे. एका रेकॉर्डमध्ये मागे कोण खोकलं यावर तिथे नव्वद प्रतिसाद पडतात. मला इंग्रजी येतं ते स्टोअरचं. त्यामुळे मी तबकडीबद्दल लिहायचो तेही माल तपासल्यासारखंच: नग एक, उजव्या कडेला टवका, मधोमध चरा, आवाज दमलेला, वापरण्यास योग्य. लोकांना वाटलं, काय हा अधिकार! कोणी मला सर म्हणू लागलं. कारखान्यात मला सर कुणी म्हटलं नव्हतं. वॉचमनसुद्धा "ओ स्टोअर" म्हणायचा. मी मोबाइल पिठाच्या डब्यावर टेकवून मार्सेलिनोची एक बाजू रेकॉर्ड केली आणि ग्रुपवर टाकली. रॉटरडॅमच्या एका प्राध्यापकांनी ती ऐकून जाहीर केलं, की मुंबईचे वादक मुद्दाम अर्धा सूर उतरून आणि संथ वाजवत. ही एक वेगळीच शैली असून आजवर जगाला तिचा पत्ता नव्हता. त्यांनी तिला मुंबईचा संथपणा असं नाव दिलं, कारणं म्हणून दमट हवा आणि वसाहतवाद दिला आणि चाळीस पानांचा निबंध लिहायला घेतला. पहिल्या पानावर माझे आभार आहेत. अंबरनाथचं स्पेलिंग चुकलंय, पण आहे.

आणि मग मडगावहून ऑलिंडाबाईंचं पत्र आलं. वय सत्याहत्तर, शाळेतून निवृत्त. मार्सेलिनो हे त्यांचे वडील. बाई दोन वर्षांच्या असताना ते गेले, घरी एकही रेकॉर्ड नाही, फोटो आहे तोही घोळक्यातला, तोंडासमोर ट्रम्पेट धरलेला. नातवाने कुठूनसं माझं रेकॉर्डिंग शोधून त्यांना ऐकवलं. त्यांनी लिहिलं होतं, की आई नेहमी सांगायची, तुझ्या बाबांना कधी घाई नसायची, आणि आज पंच्याहत्तर वर्षांनी ते कानांनी ऐकलं. दाजी, ते पत्र वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. भावनाने विचारलं काय झालं, मी म्हटलं साखर.

यानंतर दोन महिने माझ्या आयुष्यात कधी नव्हते इतके चांगले गेले. मग भावनाला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या शंका आली. तिला मोटरचा आवाज कळतो. "माणूस दमलेला नाही, मशीन दमलंय," असं म्हणून तिने आपली टिकली काढून तबकडीच्या लेबलावर चिकटवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले. लेबलावर छापलेलं, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. टिकली फिरली त्र्याहत्तर आणि थोडी. मी पुन्हा मोजायला लावलं. टिकली बदलून बघितली. (मोठी लावली तर फरक पडेल अशी मला अंधुक आशा होती.) तेवढेच फेरे.

पुढचं तुमच्यासमोर घडलं. तुम्ही रविवारी आलात, खिशातून माप घ्यायचा व्हर्नियर काढलात (तो तुम्ही लग्नातही नेता, ताईची ही तक्रार रास्त आहे), पुली मोजलीत आणि पेपरच्या कडेला हिशेब मांडलात: हवी बारा पॉइंट सात मिलिमीटर, आहे बरोब्बर बारा, म्हणून तबकडी हळू फिरते. मी तिथल्या तिथे धर्मेशभाईला फोन लावला. तो म्हणाला, "साईं, पॉइंट के बाद वाला कौन देखता है?" तो धक्का तुम्हाला इतका बसला, की दुसरी पुरणपोळी तशीच राहिली. आयुष्यभर लेथवर केसाच्या जाडीचा हिशेब ठेवलेला माणूस तुम्ही. जाताना पुली खिशात टाकलीत आणि दारात वळून म्हणालात, "महिपती, त्या लोकांना खरं काय ते कळव. पुली मी बरोबर मापाची करून आणतो." तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही. लग्नाच्या वेळीही तुम्ही म्हणालात म्हणून मी टोपी घातली होती.

तीन आठवडे धीर होईना. मशीन बिनपुलीचं, घर शांत आणि ग्रुपवर रोज कोणी ना कोणी "सर, तुमचं मत?" असं विचारतंय. शेवटी गेल्या सोमवारी लिहिलं, आमच्या स्टोअरच्याच भाषेत: सदर माल सदोष, दोष वादकाचा नसून तपासनिसाच्या यंत्राचा, मुंबईचा संथपणा रद्द समजावा. वाटलं, आता चार हजार लोक तोंडात शेण घालतील. तसं काहीच झालं नाही. एकाने लिहिलं, केवढी ही भारतीय नम्रता. दुसऱ्याने शंका काढली, की माझं खातं कोणीतरी पळवलंय आणि मी मी नाही. प्राध्यापक म्हणाले, शैली आता सिद्ध झालेली असून ती एका पुलीवर अवलंबून नाही. मी टिकलीचा फोटो टाकला, तर त्याला पुरावा मानता येत नाही असं ठरलं. मग मी थोडा आवाज चढवला. त्यावर मुंबईच्या वादकांचा अवमान केल्याबद्दल मला आठवडाभर गप्प बसवण्यात आलं. दाजी, माझ्याच सिद्धांताला विरोध केला म्हणून मी बाहेर बसलोय, आणि आत काल आलेली माणसं मला मुंबई शिकवताहेत.

त्याचं मला फारसं काही नाही. दमलोय, एवढंच. पण ऑलिंडाबाईंना मी वेगळं पत्र लिहिलं होतं, सरळ: बाई, तुमचे वडील असे संथ वाजवत नसत, ते पॉइंट सात मिलिमीटरमुळे झालं, माफ करा. आज आठ दिवस झाले, उत्तर नाही. ज्या बाईला पंच्याहत्तर वर्षांनी बाप सापडला, तिच्याकडून तो मी परत घेतला. खरं बोलावं हे तुमचं बरोबरच होतं. मला फक्त झोप नीट लागत नाही.

तेव्हा रविवारी जेवायलाच या आणि बरोबर मापाची पुली घेऊन या. आपण दोघं मिळून बसवू आणि मार्सेलिनोला त्याच्या खऱ्या चालीने एकदा ऐकू. तेवढं त्याचं देणं लागतो. ताईला नमस्कार. आशीर्वाद द्यावेत इतकं लहान या घरात कुणी उरलेलं नाही, तेव्हा ते जपून ठेवा.

आपला,
महिपती

ता. क. भावना म्हणते, गेल्या खेपेला पुरणपोळ्या दिल्या तो स्टीलचा डबा परत आणावा. डबा तिच्या आईकडचा आहे. झाकणासह.

ता. क. २. (बुधवार.) घरात तिकीट नव्हतं म्हणून पत्र पडून राहिलं, आणि आज सकाळी ऑलिंडाबाईंचं उत्तर आलं. त्यांनी नातवाकडून कॉम्प्युटरवर बाबांना बरोबर वेगाने चालवून घेतलं. लिहितात, छान आहे, चपळ आहे, लोक यावर नक्की नाचले असतील. हे हॉटेलात नोकरीला असलेले बाबा. आईने सांगितलेले बाबा तुमच्याकडचे. शिवाय, त्या लिहितात, बरोबर वेगाने ते तीन मिनिटं आठ सेकंदांत निघून जातात, तुमच्याकडे अकरा सेकंद जास्त थांबतात. या वयात मी ते अकरा सेकंद कुणाला परत करणार नाही. तबकडीला दुसरी बाजू असेल ना? तीही पाठवा, पण तुमच्याच मशीनवर वाजवून.

ता. क. ३. दाजी, हे वाचताना फोन स्पीकरवर नाही हे बरं आहे. दुसरी बाजू मी अजून भरलेली नाही, आणि जुनी पुली तुम्ही त्याच दिवशी भंगारात टाकलीत असं ताईकडून कळलं. नवी तुम्ही बारा पॉइंट सातची करून ठेवली असेल, तुमचं काम म्हणजे शंकाच नको. ती पुन्हा लेथवर चढवा आणि पॉइंट सात खरवडून काढा. जन्मात कधी चुकीच्या मापाची वस्तू केली नाही असं तुम्ही म्हणाल, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर पत्र लिहिलं. पण बारा म्हणजे बाराच हवी, धर्मेशभाईसारखी अंदाजाने नको. अकरा पॉइंट नऊ झाली तरी त्या बाई ओळखतील, हे आपले बाबा नव्हेत म्हणून.